डावीकडचा हत्ती

ज्यांच्या घरात आत्ता अर्धांगाचा झटका येऊन गेलेलं माणूस पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लिहायची मला सवय नाही, बोलायची भरपूर आहे. शिक्षण सातवी. पुढचं सगळं आमच्या मास्तरांच्या, म्हणजे यजमानांच्या, टेबलावरची पुस्तकं पुसता पुसता वाचून झालेलं. तेव्हा मी बोलते तशीच लिहीन, मधे भरकटले तर सांभाळून घ्या.

एक मात्र आधीच सांगते. हात जड वाटला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले, तर हातातलं सगळं टाकून दवाखाना गाठा. मी गाठला नाही. मी डाव पूर्ण करत बसले.

दोन चाली

श्रीगोंद्यात माझं तीन खोल्यांचं घर आहे. मास्तर गेल्यापासून मी तिथे एकटी राहते, आणि सुखात राहते. सकाळी चहा झाला की मोबाईलवर दहा मिनिटांचा बुद्धिबळाचा एक डाव, मग अंघोळ, मग देवपूजा. देवांनाही ते माहीत होतं, त्यांनी कधी तक्रार केली नाही.

त्या सकाळी डाव रंगात आला होता आणि मोबाईल डाव्या हातातून घसरला. म्हटलं, कुशीवर झोपले होते, हाताला मुंग्या आल्या असतील. मोबाईल मांडीवर ठेवला आणि उजव्या बोटानं खेळत राहिले. घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. तेवढ्यात संगीता दूध घालायला आली.

"काकू, अवो तोंड असं का केलंया? वाकडं झालंय की!"

"थांब गं," मी म्हणाले, "दोन चाली राहिल्यात."

म्हणजे मला वाटलं, मी असं म्हणाले. संगीता सांगते, तोंडातून नुसतं बोबडं काहीतरी आलं. तिनं किटली तिथेच ठेवली, माझ्या मांडीवरचा मोबाईल उचलला आणि नवऱ्याला टेम्पो घेऊन बोलावलं. दीड तासात मी नगरच्या दवाखान्यात होते. (आता त्याचं अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय.) त्या पोरीमुळे मी आज हे लिहिते आहे. डाव गेला, वेळ संपून.

राजा उडत नाही

माझा खेळ कसा आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बुद्धिबळ मला कुणी शिकवलं नाही. माझे वडील आणि गावातले पोस्टमास्तर ओट्यावर खेळायचे, मी आत उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत बघायचे. ते देशी नियमांनी खेळत. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर जायचं, आणि राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची मुभा. मास्तर गेल्यावर माधवनं, माझ्या मुलानं, मोबाईलवर बुद्धिबळ टाकून दिलं. पहिल्याच दिवशी मी राजाला उडी मारायला गेले. राजा हलेना. माधवला फोन लावला.

"अरे, तुझा मोबाईल बिघडलाय. राजा उडत नाही."

तो इतका हसला की शेजारचं कुणीतरी त्याला काय झालं म्हणून विचारायला आलं. मग त्यानं समजावलं. उडी नाही, किल्लेकोट करायचा. म्हणजे राजाला कोपऱ्याकडे सरकवून हत्तीच्या पहाऱ्यात बसवायचं. पन्नास वर्षं डोक्यात बसलेली सवय मोडायला मला महिना लागला, पण मोडली.

तरी स्वभाव जाईल कुठे? मी अंगावर धावून जाणारी. वजीर आधी बाहेर, दोन्ही घोडे उधळलेले, आणि मागे घर उघडं. जिंकले तर वीस चालींत, हरले तर पंधरा. जिंकलं-हरलं की ॲप गुण वाढवतं-उतरवतं, त्याला रेटिंग म्हणतात. तीन वर्षांत माझं रेटिंग रखडत रखडत हजाराच्या वर गेलं होतं, आणि ते मी भेटेल त्याला सांगत होते.

हिराबाई मला एसटीत भेटल्या. संगमनेरच्या गाडीत मी खेळत बसले होते, शेजारच्या बाईनं डोकावून म्हटलं, "उंट जाईल बघा तुमचा." पुढच्या चालीला गेलाच. हिराबाई अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या, घरची भातशेती, फौजेतल्या भावाकडून खेळ शिकलेल्या. तेव्हापासून आमचा रोज एक निवांत डाव, बिनघड्याळाचा. त्या भाताच्या खाचरातून वर आल्या की एक चाल खेळणार, मी पोळ्या झाल्या की एक. मास्तरांची बायको म्हणून त्या मला मास्तरीणबाई म्हणतात. एवढी गोड हाक मारून त्या रोज मला हरवतात.

माधव येत नाही

दवाखान्यातले अकरा दिवस. सकाळी उजाडायच्या आत बीपी, मग स्पंज, मग नाश्ता, मग फिजिओथेरपीच्या बाई. "आजी, हा हात कुणाचा?" असं त्या विचारायच्या आणि मला राग यायचा. माझाच की! पण खरं सांगते, एकदा मला तो हात शेजारच्या पेशंटचा वाटला होता. हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

सगळ्यात मोठी भीती मरणाची नव्हती. पॉट मागावा लागतो, कुशीवर वळायला दुसऱ्याचा हात लागतो, तेव्हा मरण फार लांबचं वाटतं. भीती ही, की आपण आता कुणाच्या तरी घरातली कोपऱ्यातली खाट होणार. श्रीगोंद्याच्या घराला कुलूप लागणार, आणि किल्ली माझ्याकडे असणार नाही.

त्यात माधव येईना. सून अश्विनी दिवसभर दिसायची, औषधं द्यायची, केस विंचरायची. चौथ्या दिवशी मी तिला म्हणाले, "माधवला सांग, आईला बघायला एकदा तरी ये म्हणावं."

मग माझ्या डाव्या बाजूनं आवाज आला, "आई, मी इथंच बसलोय गं. रोज बसतो."

मी मान वळवली, फार वळवावी लागली, तेव्हा तो दिसला. त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "मग बोलत का नाहीस?" सगळे हसले. औषधांची गुंगी आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सुट्टी देताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, समजावूनही सांगितलं होतं म्हणे. पण आम्ही सगळे माझ्या पायाकडे बघत होतो. पाय टाकते का, काठी धरते का, जिना चढते का.

लिंबाची फोड

नगरला माधवच्या घरी आले. पाय महिन्याभरात बरा चालायला लागला. आणि घरात भांडण सुरू झालं, तेही ताटावरून.

आमच्यात ताट वाढायची रीत आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिलं हेच शिकवलं, आणि मी अश्विनीला शिकवलं. मीठ डॉक्टरांनी बंद केलेलं, ते सोडा. पण ताटात चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही!

पहिले दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "अश्विनी, डावी बाजू वाढायची राहिली वाटतं."

"वाढलीय की आई."

"मग मी काय आंधळी आहे?"

दुसऱ्या दिवशी तेच. मी नणंदेला फोनवर सांगितलं, आजारी माणसाला अर्धं ताट वाढतात इथं. भिंतीला कान असतील नसतील, सुनेला होते. ती स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच घासायला लागली. माधव ऑफिसातून आला की दोघींची तोंडं दोन दिशांना. "आई, तुला हवं तरी काय?" तो वैतागून म्हणाला. मी म्हटलं, "माझं घर." तो म्हणाला, "एकटी? आता? ते विसर. पुढच्या महिन्यात जाऊन सामान आवरून आणू."

म्हणजे कुलूप ठरलंच होतं.

हिराबाईंचा फोन

डाव मी पुन्हा सुरू केला होता, डोकं शाबूत आहे हे स्वतःला दाखवायला. आणि रोज हरत होते. तशी मी हरणारी, पण हे हरणं वेगळं होतं. मोहरा कुठून मारला गेला ते कळायचंच नाही. रेटिंग हजारावरून सातशेला आलं, तिथूनही खाली घसरलं. हळूहळू माझी खात्री झाली, की डोकं गेलं. माधवचं बरोबर आहे. आपण खाटच झालो.

तेव्हा हिराबाईंचा फोन आला.

"मास्तरीणबाई, एक इचारू? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की."

"तुमी त्यो डावीकडचा हत्ती मला रोज दान का करताय?"

"कुठला?"

"तुमच्या डाव्या अंगाचा. लई दिवस बघतीया. उजवीकडं बोट लावू देत न्हाई, वाघिणीवानी खेळताय. आन् डावीकडं मी दारातनं यावं, हत्ती घ्यावा, घोडा घ्यावा, तुमी बघत बी न्हाई. आवं, मला पाप लागंल आशानं!"

"खरंच रोज?"

"व्हय. आन् तुमच्याकडं काळी मोहरी आसली की तर इचारूच नका. राजाच कोपऱ्यात ठिऊन निघून जाताय."

फोन ठेवला आणि मनातल्या मनात पट मांडला. काळी मोहरी घेतली की मोबाईलवरचा पट उलटा होतो, आणि किल्लेकोट केला की माझा राजा डावीकडच्या कोपऱ्यात जातो. मी स्वतःच्या हातानं त्याला तिथे नेऊन बसवत होते, आणि तो तिथे आहे हे विसरत होते. विसरत नव्हते. तो मला दिसतच नव्हता. माधव दिसला नव्हता तसा.

जेवायची वेळ झाली होती. अश्विनीनं ताट आणून ठेवलं. पोळी, भाजी, आमटी. मी म्हटलं, "अश्विनी, हे ताट जरा फिरव."

"म्हणजे?"

"गोल फिरव गं. अर्धं."

तिनं ताटाला हात लावला आणि सावकाश फिरवलं. आणि माझ्यासमोर आली लिंबाची फोड. शेंगदाण्याची चटणी. काकडीची कोशिंबीर, वर कोथिंबीर घातलेली. मीठ बंद आहे म्हणून मिठाच्या जागी तिनं जिरेपूड ठेवली होती, त्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून. रोज.

मी तिचा हात धरला. माफी मागायची मला सवय नाही, आमच्या पिढीत सासूनं मागायची नसते. मी मागितली. ती म्हणाली, "जेवा आधी, गार होतंय," आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

टिकली

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळचा तो कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे; शेवटच्या ओळीत हेच लिहिलेलं होतं. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत. डोळे बघतात, मेंदू डावीकडचं मनावर घेत नाही. सरावानं सुधारतं, किती ते सांगता येत नाही. फिजिओच्या बाईंनी सांगितलं, कुठलंही काम करताना डाव्या कडेला एक ठळक खूण करा आणि तिथून सुरुवात करा.

घरात ठळक काय असतं? अश्विनीनं आपल्या पाकिटातली मोठी लाल टिकली काढली आणि माझ्या मोबाईलच्या डाव्या कडेला चिकटवली. मग एक ताटाला, एक आरशाला, एक दाराच्या चौकटीला. माधव आला आणि म्हणाला, "घराला हळदीकुंकवाला बोलावलंय का?"

नियम असा केला, की चाल खेळायच्या आधी बोटानं टिकलीला शिवायचं, आणि नजर तिथून उजवीकडे आणायची. ताटात आधी लिंबू पिळायचं, मगच पहिला घास. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. डावीकडे बघायचं आहे हेच आठवत नाही, कारण डावीकडे काही आहे असं वाटतच नाही. दिवसातून पन्नास वेळा चुकायचे आणि स्वतःलाच शिव्या घालायचे. पण राजाची उडी मी मोडली होती ना? पन्नास वर्षांची सवय मोडणाऱ्या बाईला ही दोन महिन्यांची सवय काय अवघड? असं मी मलाच सुनवायचे, मोठ्यानं.

आणि एक हट्ट केला. हिराबाईंना कळवलं, यापुढे काळी मोहरी माझी. रोज.

"मराल की!" त्या म्हणाल्या.

"मरू द्या. पण राजा जिथं दिसत नाही तिथंच बसवणार, आणि राखणार. तुम्ही मुळीच सोडू नका."

"सोडायला मी काय तुमची माय हाय?"

खेळ बदलला माझा. वजीर लवकर पळेना. आधी घर, मग बाहेर. प्रत्येक चालीला टिकली, कोपऱ्यातला राजा, त्याच्या पुढची तीन प्यादी, मग बाकीचा पट. दहा मिनिटांचे डाव मी बंद केले. इतकी सावकाश झाले, की हिराबाई म्हणायच्या, तुमच्या दोन चालींत माझी अर्धी भातलावणी हुती.

मधे एक दिवस फार वाईट गेला. अश्विनी भाजी आणायला गेली होती. मी चहा केला, उजव्या शेगडीवर. चहा पिऊन कप विसळला. ती आली तेव्हा डावीकडच्या शेगडीवर दुधाचं पातेलं कोळसा झालं होतं, आणि मी त्याच्या शेजारी उभी राहून लसूण सोलत होते. वाससुद्धा मी शेजाऱ्यांचा समजले.

तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पातेलं फडक्यात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. माधवला काही सांगितलं नाही. मला मात्र सांगितलं. "आई, हे मी एकदाच झाकलं. श्रीगोंद्याला जायचंय ना तुम्हाला? मग महिनाभर डावीकडून काही जाता कामा नये. पटावरून नाही, ताटातून नाही, गॅसवरून नाही. मी बघणार. जमलं तर मीच यांना सांगेन. नाही जमलं तर पुन्हा घराचं नाव काढायचं नाही."

एवढी कडक परीक्षा माझ्या सासूनंही घेतली नव्हती. मी म्हटलं, कबूल.

हरले

कॅलेंडरवर ती रोज एक फुली मारायची. बुद्धिबळ तिला येत नाही. ती एवढंच बघायची, की आज काही गेलं तर कुठल्या बाजूनं गेलं. अठराव्या दिवशी एक घोडा डावीकडून गेला. मी काही बोलायच्या आत तिनं सगळ्या फुल्या पांढऱ्या शाईनं पुसल्या आणि पुन्हा एक मारली. मी चार दिवस तिच्याशी मोजकंच बोलले. पण मनातून पटलं होतं. गॅसनं कुठे अठरा दिवसांचा हिशेब धरला असता?

पुन्हा एकपासून. शेवटच्या दिवशी हिराबाईंनी सकाळपासून डाव्या कोपऱ्यावर वेढा घातला. वजीर आणला, उंट आणला, घोडा नाचवला. मी टिकलीला शिवत होते आणि एकेक दार लावत होते. एक प्यादं पुढं, हत्ती मधे, घोडा माघारी. दुपारी त्यांचा वजीर परत फिरला. माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. आणि त्या आनंदात मी उजवीकडे एक इतकी मूर्ख चाल खेळले, की सांगायलाही लाज वाटते. माझा वजीरच गेला. संध्याकाळपर्यंत मात झाली.

माधव आला तेव्हा मी मोबाईल मांडीवर घेऊन बसले होते.

"काय गं, हरलीस?"

"हरले."

त्याचा चेहरा पडला. परीक्षेचं त्याला माहीत नव्हतं, त्याला वाटलं आईचं डोकं अजून चालत नाही. अश्विनीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि त्याच्यापुढे धरला. "हरल्या, पण कुठून ते बघा."

त्यानं पट मागं नेला, एकेक चाल. दोन वेळा बघितलं. "हे तर उजवीकडून गेलंय."

"मग? उजवीकडून त्या आधीपासूनच हरतात."

राजा उडत नाही म्हटल्यावर हसला होता, तसाच तो पुन्हा हसला. तेव्हा अश्विनीनं त्याला पातेल्याचंही सांगितलं, सगळं, काही न झाकता, आणि कॅलेंडर दाखवलं. त्यानं त्या फुल्या बोटानं मोजल्या. "शनिवारी सोडतो तुला," तो म्हणाला. "पण गॅसला टिकली लावल्याशिवाय नाही."

हिराबाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे मी हारवलं म्हणून घरला चाललाय व्हय? मग पेढं मला पायजेल."

घरी

मी पूर्ण बरी झालेले नाही. दमले की डावी बाजू अजून फिकट होते, मग मी गॅस लावत नाही आणि रस्ता ओलांडत नाही. संगीता दोन्ही वेळा डोकावते. रेटिंग नऊशेपर्यंत आलंय. तुमच्या घरातलं माणूस अर्धं ताट टाकत असेल, हाक मारली तर भलतीकडे बघत असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. ताट फिरवून बघा. आणि डॉक्टरांनी दिलेला कागद शेवटपर्यंत वाचा.

त्या शनिवारी घर उघडलं, झाडलं, देव लावले. माधवनं सामान आत आणलं, अश्विनीनं शेगडीच्या डाव्या बटणाला टिकली लावली. निघायची वेळ झाली. मी ओट्याशी चहा गाळत होते. माधवचा आवाज येईना. गाडीत जाऊन बसला असेल असं वाटलं, तरी मी शेगडीच्या टिकलीला बोट लावलं आणि सवयीनं नजर तिथून निघाली. तो माझ्या डाव्या हाताला, दाराशी, श्वास धरून उभा होता. आईला दिसतो का ते बघत होता.

मी गाळणी खाली ठेवली नाही.

"माधव," मी म्हटलं, "चपला बाहेर काढ. आत्ता झाडलंय."